कूलरच्या खिडकीतलं पोतं

"ताई, पेपर आहे का जवळ?" नागपूर स्टेशनाबाहेरच्या ऑटोवाल्यानं बॅग आत ठेवता ठेवता विचारलं. रात्रभर सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये चाळलेला पेपर माझ्या पिशवीत होता. त्यानं तो घेतला आणि मधली चार पानं मला परत दिली. "स्वेटरच्या आतून छातीले लावून घ्या. मानेवाड्यापर्यंत हवा आरपार जाते." उरलेली पानं घडी करून त्यानं स्वतःच्या शर्टात सरकवली, मफलर कानांवरून फिरवून हनुवटीखाली गाठ मारली आणि ऑटो सुरू केला.

२८ डिसेंबर २०१८, शुक्रवार. पहाटेचे सहा वाजायचे होते. आम्ही मुंबईत डिसेंबरातही पंखा एकवर ठेवून झोपणारी माणसं. थंडी म्हणजे चार दिवसांची चैन, एवढीच माझी समजूत. मेडिकल चौकापर्यंत पोहोचेस्तोवर बोटं इतकी आखडली की पिशवीची चेन लावता येईना. पण छातीवरचा कागद खरंच काम करत होता. लोकरीच्या विणीतून वारा शिरतो, कागदातून शिरत नाही, आणि कागदामागे हवेचा जो थर अडकतो तो ऊब धरून ठेवतो. पहाटे सायकलवर दूध टाकणारी पोरं हेच करतात, असं मामांनी नंतर सांगितलं. एका जाडजूड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, त्याचंही कारण तेच.

मामांचं घर मानेवाड्याच्या पुढे, रिंग रोड ओलांडल्यावर. पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेलं आणि बांधताना डोक्यात फक्त उन्हाळा होता, हे दारातच कळतं. छत उंच, भिंतींना वरती झरोके, खाली गारेगार फरशी, स्वयंपाकघरावर टिना आणि प्रत्येक खोलीला एक कूलरची खिडकी. ज्यांनी विदर्भातला उन्हाळा पाहिला नाही त्यांना ही खिडकी सांगावी लागेल. ती खिडकी नसतेच खरं तर. कूलर बाहेरून बसवता यावा म्हणून भिंतीत ठेवलेलं ते चौकोनी भोक असतं. दसरा-दिवाळीला कूलर निघून गच्चीवर जातो आणि भोक उरतं. त्याला ना काच, ना झडप. मामींनी त्यात दुहेरी पोतं ठोकलं होतं, कडांना जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या होत्या.

नागपूर उन्हाळ्याशी लढायला पिढ्यान् पिढ्या शिकलेलं गाव आहे. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दुपट्ट्यानं डोकं-तोंड बांधणं, खिशात कांदा, घरात पन्हं, दुपारी बारा ते चार घराबाहेर न पडणं हे इथल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. शहराला उष्माघाताचा कृती आराखडा आहे. थंडीबद्दल असं कुणी काही शिकवत नाही. थंडी आली की रजया उन्हात पडतात, डिंकाचे लाडू होतात, चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि काळजी तिथंच संपते. मला हे पटत नाही. पटत नाही, कारण त्या रात्री काय होऊ शकलं असतं ते मी पाहिलं आहे.

आजी तेव्हा ८६ वर्षांची. तिची खोली घराच्या उत्तरेच्या अंगाला. संध्याकाळी मामींनी अंगणात शेगडी पेटवली, धूर पूर्ण जाऊन कोळसे लाल होईपर्यंत बाहेरच ठेवली आणि मग आजीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. दार सताड उघडं. आजी जेवेस्तोवर ऊब आणि झोपताना शेगडी बाहेर, असा त्यांचा रोजचा रिवाज. साडेनऊच्या सुमारास मामी शेजारी गेल्या. आजी रजईतसुद्धा कुडकुडत होती. मी शेगडी खाटेजवळ ओढली आणि दार लावून घेतलं.

"बरं केलं माय," आजी म्हणाली. "थोडा इस्तो जवळ असला की हाडं मोकळी होतात."

आम्ही बोलत बसलो. खोली छान उबदार झाली. पाऊण तासानं माझं डोकं जड झालं, कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. प्रवासाचा शीण असेल, असं मनात आलं. आजी बोलता बोलता थांबायला लागली. मळमळतंय म्हणाली, मग डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. त्या क्षणी मला तिच्याशेजारी आडवं व्हावंसं इतकं वाटत होतं की ते आठवलं तरी आज हात गार पडतात.

मामींनी दार ढकललं. "दार कोणी लावलं?"

पुढचं सगळं त्यांनीच केलं. शेगडी अंगणात नेऊन ठेवली, दोन्ही दारं उघडली, आजीला रजईसकट उचलून मामांनी पडवीत आणलं. त्या गारठ्यात आजीनं डोळे उघडले, पण ओकारी झाली आणि शब्द लागोपाठ येत नव्हते. वाट न बघता तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं, त्यावर आकडा चांगला आला, तरी त्यांनी मास्क लावलाच. मामांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "या बाबतीत हे यंत्र फसतं." कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. वायू चिकटलेलं रक्तही लालच दिसतं आणि बोटावरचं यंत्र त्याला प्राणवायू समजून मोजतं. नुसत्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर तेवढाच तास-दीड तासात उतरतो. त्याला ना वास, ना रंग. मुख्य म्हणजे धूर गेलेले लालबुंद कोळसे जास्त फसवे, कारण धूर डोळ्यांना झोंबून निदान उठवतो तरी. बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गीझर हाच वायू सोडतो. नळाचं गरम पाणी अंगावर घेता घेता माणूस तिथंच कोसळतो.

मामींचा सारा नियम त्या उघड्या दारात होता आणि मी नेमकं तेच लावलं होतं. त्या रात्री त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. रात्री एकनंतर घरी आलो. आजीच्या खोलीत शेगडी नव्हती, फक्त गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायांपासून वीतभर लांब ठेवली होती. म्हाताऱ्या कातडीला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून ते अंतर.

२९ तारखेच्या सकाळी गल्ली विलक्षण शांत होती. नळाच्या पाण्याला हात लावला की बोट कापल्यासारखं वाटे, न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली. नऊ-दहाच्या सुमारास शेजारचे काका फाटकातूनच मामांना ओरडून म्हणाले, "साडेतीन, गुरुजी! साडेतीन!" मला आधी वेळ वाटली. सोनेगावच्या वेधशाळेत किमान तापमान ३.५ अंश नोंदलं गेलं होतं. नागपुरात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यांत कमी. आधीचा विक्रम ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ अंशांचा.

"सदतीस साली तू पाच वर्षांची होतीस," मामा आजीला म्हणाले. आजी पडवीत उन्हात बसली होती, कानटोपी आणि वर पदर. "असंन," ती म्हणाली. "मले तवाची एक गोधडीच आठवते. आम्ही चार बहिणी एका गोधडीत." तेवढं बोलून ती परत तुरीच्या शेंगा सोलायला लागली. हात थरथरत नव्हते. माझ्या जिवात जीव आला.

समुद्र शेकडो कोस लांब, मध्ये पठार, म्हणून इथली हवा लवकर तापते आणि लवकर निवते. हिमालयावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात, आभाळ निरभ्र होतं आणि दिवसभर जमिनीनं साठवलेली ऊब रात्री सरळ आभाळात निघून जाते. ढगांचं पांघरूण नसतं. डिसेंबरअखेर नागपूरचं किमान तापमान एरवी १२ अंशांच्या आसपास असतं. मैदानी भागात पारा १० च्या खाली आणि सरासरीपेक्षा साडेसहा अंशांनी जास्त घसरला की हवामान खातं तिला तीव्र थंडीची लाट म्हणतं. ती खूणही त्या पहाटेनं मागे टाकली होती. लडाखच्या माणसाला साडेतीन अंश काहीच वाटणार नाहीत. पण त्याचं घर, त्याचे कपडे, त्याचं शरीर त्या थंडीसाठी घडलेलं असतं. इथं भिंतीत कूलरचं भोक आहे.

शनिवार असल्यानं सकाळची शाळा. शेजारची सातवीतली मुलगी मात्र अंगणात उन्हात बसली होती, पायांत दोन-दोन मोजे, हातात कोमट पाण्याची बाटली. तिची आई म्हणाली, "आज नाही पाठवली. तिला सिकलसेल आहे." पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. थंडीनं रक्तवाहिन्या आवळल्या आणि अंगात पाणी कमी असलं की या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं पिळवटून टाकणाऱ्या कळा सुरू होतात. थंडीत तहान लागत नाही, म्हणून आई तासातासाला बाटली पुढे करत होती. आंघोळ दुपारी, उन्हात, आणि अंग पुसून लगेच कपडे. हिवाळ्यात सकाळची शाळा नऊला भरवावी, एवढंच तिचं मागणं. शाळेनं "बघू" म्हटलं होतं, असं ती म्हणाली. नुसतं घड्याळाचे काटे सरकवायचे आहेत. हे "बघू" मला अजून सलतं.

दुपारी मामांबरोबर सीताबर्डीला गेले. रस्त्यावर एरवीपेक्षा गर्दी कमी होती. त्या वर्षी विधिमंडळाचं नागपूरचं अधिवेशन जुलैतच उरकलेलं, त्यामुळे डिसेंबरात मोर्चे नव्हते. राज्यभरातून आलेली माणसं मंडपाखाली रात्री काढतात, ती त्या लाटेत इथं नव्हती हे एक बरंच झालं. लोकरीच्या कपड्यांच्या तिबेटी दुकानांत मात्र उभं राहायला जागा नाही. माझ्या पायमोज्यांचे पैसे घेणारी बाई गोठणगावची निघाली. गोंदिया जिल्ह्यातल्या त्या गावी १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. मी घट्ट बसणारे मोजे निवडले होते. ते तिनं हातातून काढून घेतले आणि एक माप मोठे दिले. "टाइट नको. रक्त फिरत नाही, मग बोट थंड पडते." तिच्या आईवडिलांनी हिमालय ओलांडला होता. ही त्यांची शिकवण असणार.

परतताना एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या भिंतीलगत रुग्णांचे नातेवाईक दिसले. सतरा जण मोजले. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा कुठून कुठून आलेले, रात्री तिथंच झोपणारे. अंगावर घ्यायला बहुतेकांजवळ काही ना काही होतं, खाली मात्र नुसती फरसबंदी. मामांनी समोरच्या औषधाच्या दुकानातून रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणले आणि एकेकाला दिले. "वरून दोन चादरी घेतल्या तरी खालची जमीन ऊब ओढून घेते जी. आधी खाली घाला." सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगून ठेवलं आहे की मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं आहे. हिशेब कुणीही करावा.

संध्याकाळी आम्ही मोटरसायकलवर काटोलला निघालो. आजी ठणठणीत होती आणि मामींनीच मला बाहेर काढलं. "जा, संत्रं पाहून ये. घरात बसून तेच तेच आठवशील." काटोलजवळ मामांची तीन एकर बाग. आंबिया बहार उतरला होता, मृग बहाराची फळं झाडावर होती आणि रात्रीच्या गारव्यानं रंग धरायला लागली होती. हिरवी साल पिवळी-नारिंगी व्हायला थंड रात्री लागतात. पण थंडी मर्यादेपलीकडे गेली की कोवळी पालवी करपते, झाडाचं अन्न उचलणं मंदावतं. त्यावर उपाय जुनाच आहे, रात्री ओलित करायचं आणि पहाटे बांधावर धूर करायचा. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं. ते दांडातून वाहायला लागलं की त्यावर वाफ दिसते आणि बागेतली हवा अंशभर का होईना सावरते.

पण ते पाणी रात्रीच द्यायचं तर रात्री जागायचं. तसंही शेतीच्या विजेची लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असायची. त्या आठवड्यात रात्रीची होती. दहानंतर मोटर सुरू झाली. मामा, त्यांचा सालदार आणि मी. बॅटरीच्या उजेडात दोघं फावड्यानं आळी फोडत, बांधत पुढे जात होते, पाय पोटरीपर्यंत पाण्यात. "पाण्यात आहे तोवर बरं वाटते," सालदार म्हणाला. "भाईर निघालो की मरण."

साडेबाराला मोटरजवळचा पाइप सुटला. तो जोडता जोडता सालदार छातीपर्यंत भिजला. मामा शेताच्या दुसऱ्या टोकाला होते. कपडे बदलायला त्यानं दहा पावलांवरच्या झोपडीत यायला हवं होतं, पण पाणी वाया जाईल म्हणून तो तसाच कामाला लागला. ओला कपडा अंगाची ऊब कोरड्यापेक्षा कैक पटींनी वेगानं ओढतो, त्यात उत्तरेचा वारा. दीडच्या सुमारास तो झोपडीशी आला तेव्हा आधी मला काही कळलं नाही. थरथर थांबली होती. हातातलं फावडं गळून पडलं तरी त्यानं वाकून उचललं नाही. काय झालं विचारलं तर जीभ अडखळली, "झो... झोपतो थोडा." मला आदल्या रात्रीची आजी दिसली. मी मामांना हाक मारली, ती सगळ्या शिवारात गेली असेल.

मामा धावत आले. ओले कपडे सगळे उतरवले, कोरड्या घोंगडीत त्याला गुंडाळलं, खाली कडब्याच्या पेंढ्या, डोक्याला टापर. मी शेकोटीजवळ त्याचे पाय चोळायला बसले तर मला हातानं थांबवलं. हातपाय जोरात चोळायचे नाहीत, पाय एकदम इस्तवाजवळ न्यायचे नाहीत. आधी छाती आणि पोट ऊबेत आणायचं, नाहीतर हातापायांतलं गार रक्त एकदम काळजाकडे येतं. म्हणून मामा स्वतः त्याच्या पाठीला पाठ लावून घोंगडीत बसले. बांधावरच्या शेजाऱ्यानं बाटली आणली होती, "दोन घोट पाजा, लगेच गरम होईल." मामांनी ती घेतली आणि लांब ठेवली. दारूनं कातडीखालच्या वाहिन्या उघडतात, माणसाला गरम वाटतं आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. तो नीट बोलायला लागला, गिळता येतंय असं दिसलं, तेव्हा गुळाचा कोरा चहा घोट-घोट दिला. पुन्हा थरथर सुरू झाली तेव्हा मामांनी सुस्कारा सोडला. कापरं भरणं म्हणजे शरीर परत लढायला लागलं. अर्ध्या तासात तो शुद्धीवर आला नसता तर शेजाऱ्याच्या गाडीतून काटोलच्या दवाखान्यात न्यायचं ठरलंच होतं.

त्या रात्री उरलेलं पाणी कुणी दिलं नाही. पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवला आणि धूर झाडांमधून जमिनीलगत पसरत गेला, गोधडी ओढल्यासारखा. सालदारानं उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पाटी पुढे ठेवली. त्या मीठ लावून खाताना मी पहिल्यांदा त्याला विचारलं, घरी कोण कोण आहे. दोन मुली आणि म्हातारी आई, म्हणाला.

सकाळी धुकं इतकं दाटलं होतं की मामांनी मोटरसायकल काढलीच नाही. बांधावरून समोरचं झाड दिसत नव्हतं. साडेनऊला धुकं थोडं विरलं तेव्हा एसटीनं निघालो. वाटेत ड्रायव्हरनं वेग कधी तीसवर जाऊ दिला नाही, दिवे खालचेच ठेवले. वरचा उजेड धुक्याच्या भिंतीवर आपटून उलटा डोळ्यांत येतो. मागून एक प्रवासी घाई करत होता. मामा वळून त्याला म्हणाले, "जाऊ द्या जी. पोहोचू."

त्या रात्री मामा कात्री घेऊन आजीच्या खोलीत गेले. कूलरच्या खिडकीतल्या पोत्याचा वरचा कोपरा त्यांनी मुठीएवढा कापला आणि कडा सुतळीनं शिवल्या, पुन्हा कुणाला चिंधी कोंबता येऊ नये म्हणून. मग समोरचा झरोकाही उघडला. शेगडीची राख मामींनी सकाळीच तुळशीत टाकली होती, शेगडी पालथी घालून माळ्यावर ठेवली होती. मी आजीजवळ झोपले. रात्री केव्हातरी त्या भोकातून गार हवेची बारीक धार माझ्या गालावर आली. आजी जागी होती. तिनं चाचपडत माझं डोकं शोधलं आणि स्वतःची कानटोपी काढून माझ्या कानांवर ओढली. मी ती काढून परत तिला घातली, तिचा हात रजईत घेतला आणि तसाच धरून ठेवला.